लेझीम खेळवा तुमची

कांजूरमार्ग पूर्व
१७ जून २०२५

शिवदास सर,

नमस्कार. माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पाकीट न फोडताच पडवीत भिरकावून द्याल, म्हणून पत्ता आमच्या गंधालीकडून लिहून घेतला आहे. गंधाली ही ऑफिसातली नवी क्लार्क. अक्षर छान आहे तिचं, बाकीचं हळूहळू कळेल.

फोन तुम्ही माझा उचलत नाही. गेल्या ऑगस्टपासून किती वेळा केला ते सांगणार नाही, उगाच तुम्हाला समाधान मिळायचं. पत्र मात्र पोस्टमन हातात आणून देतो आणि तुमच्या गावात पत्र नाकारलं की संध्याकाळपर्यंत देवळात चर्चा होते, हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं.

माफी मागायला लिहीत नाही. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी मी तुमच्या फुटबॉल संघातली पोरं आठवडाभर लेझीमला घेतली, कारण शाळेला गरज होती. नंतर आंतरशालेय स्पर्धेचा उपांत्य सामना आपण पेनल्टीवर हरलो, त्यात लेझीमचा काही दोष नव्हता असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते. तुम्ही भर स्टाफरूममध्ये "लेझीम खेळवा तुमची" म्हणालात, शिट्टी माझ्या टेबलावर ठेवलीत आणि गाव गाठलंत. रिटायर झाल्यावरही हौसेनेच येत होता, त्यामुळे राजीनामा लिहायचेही कष्ट पडले नाहीत.

आता कामाचं. वर्षभर संघाला कोच नाही. आपले सेक्रेटरी दशरथराव म्हणतात, मैदान एका खासगी फुटबॉल अकादमीला भाड्याने देऊन टाकू. आपल्या पोरांना काय, तर संध्याकाळी जागा उरली तर. हे ऐकून मी मीटिंगमध्ये काय बोलले ते इतिवृत्तात लिहिलेलं नाही. शेवटी अध्यक्षबाईंनी, म्हणजे आपल्या वनमालाताईंनी काठी आपटली. नवऱ्याने गिरणीतल्या लोकांकडून वर्गणी जमवून काढलेली शाळा, त्यामुळे त्यांच्या काठीपुढे आजही कोणी बोलत नाही.

म्हणाल्या, "मैदान द्यायचं नसेल तर कोच आणा. कोच चांगला की वाईट ते मला कळत नाही, सुलक्षणा, तुलाही कळत नाही, आणि दशरथला तर नाहीच नाही. शिवदास हो म्हणाला की मी नेमणुकीवर सही करते. दसऱ्यापर्यंत त्याचा होकार आला नाही तर मैदान अकादमीला."

तेव्हा माणूस मी शोधते. तुम्ही फक्त हो म्हणायचं आहे. तुम्ही परत या असं मी लिहिणार नाही, कारण मला नाही म्हणायची संधी मी तुम्हाला देणार नाही.

सुलक्षणा वाघमारे
मुख्याध्यापिका


६ जुलै २०२५

शिवदास सर,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे. एक गंमत झाली आहे ती मात्र ऐका. हसाल, म्हणजे माझ्यावरच हसाल, तरी सांगते.

कोच पाहिजे म्हणून जाहिरात द्यायची होती. गंधालीने फायलीतून क्रीडाशिक्षकाची जुनी जाहिरात काढली, पदाचं नाव बदललं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. मी घाईत सही केली. पेपरात छापून आलं ते असं: फुटबॉल संघासाठी मुख्य प्रशिक्षक पाहिजे, लेझीम, कवायत व बँडपथकाचा अनुभव असणाऱ्यास प्राधान्य.

मुलाखतीच्या दिवशी माझ्या खोलीबाहेर लेझीमवाले तिघे, एक बिगुलवाला आणि लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार. हवालदारसाहेब इतके छान सावधान उभे राहिले की त्यांना नाही म्हणताना मलाच वाईट वाटलं. फुटबॉल येणारी माणसं शेवटी दोनच निघाली. तुमच्यासारखंच केलं मी, मुलाखत खोलीत न घेता मैदानावर घेतली. दोघांनाही अर्धा-अर्धा तास पोरं दिली.

पहिला सर्वेश, दशरथरावांच्या त्या अकादमीचा. मुलगा वाईट नाही. लायसन्स आहे, बूट चांगले आहेत. नारिंगी रंगाचे कोन मांडले, इंग्रजीत समजावून सांगितलं, पोरांनी यस सर म्हटलं. काही चुकलं नाही आणि काही घडलंही नाही. जाताना त्याने मला विचारलं, "मॅडम, पार्किंग या बाजूला येणार की त्या?" माझं मत तिथेच झालं.

दुसरी दिशा चिंदरकर. हो, मुलगी. कांदिवलीला राहते, राज्याच्या महिला संघातून खेळलेली, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर खेळ सुटला. सध्या एका भाड्याच्या टर्फ मैदानावर बुकिंग घेते. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत लेझीम.

"हे कशाला आणलंस गं?" मी विचारलं.

"जाहिरातीत होतं ना मॅडम. मोबाइलवर बघून शिकलेय. झकास वगैरे येत नाही, आधीच सांगून ठेवते."

"आणि फुटबॉल?"

"तो येतो."

तिने खरंच लेझीम काढली आणि पोरांसमोर वाजवली. ताल एकीकडे, पावलं दुसरीकडे. पोरं मैदानावर लोळून हसली. ती काही लाजली नाही. हसणं संपेपर्यंत थांबली आणि आकाशच्या पायाशी बॉल सरकवला. "हसलास ना? आता हीच पावलं बॉल घेऊन कर." आकाश आता कॅप्टन आहे, म्हणून त्याला माघार घेता येईना. दोन पावलं गेला आणि बॉल थेट पाण्याच्या टाकीखाली. मग सिद्धेश, मग बाकीचे. एकालाही जमेना.

पुढचं माझ्याच तोंडून ऐका, नाहीतर कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. तिचं पाऊलच चुकत होतं, आणि मला ते बघवेना. आमच्या सांगलीकडे चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी पहिल्या ओळीत असायची. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि तिच्या हातातून लेझीम घेतली. दोन पावलं पुढे, एक मागे, गुडघ्यात वाकायचं आणि वाकलेल्या अवस्थेतच वळायचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "घाटावरच्या बाईंका आणि काय येतला." अंगात अजून आहे हो सगळं. दुसऱ्या दिवशी कंबरेने हिशेब मागितला, तो भाग वेगळा.

दिशा लेझीमकडे बघतच नव्हती, माझ्या पायांकडे बघत होती. म्हणाली, "मॅडम, थांबा. पुन्हा करा. हे तर डिफेंडरला चुकवायचं वळण आहे."

ते काय असतं मला माहीत नाही. पण गेल्या वर्षभरात त्या मैदानावर कोणी इतकं नीट बघितलं नव्हतं. मी तिला दसऱ्यापर्यंत तात्पुरतं नेमलं. पक्कं करणं तुमच्या हातात आहे.

सुलक्षणा वाघमारे


३ ऑगस्ट २०२५

सर,

अजून उत्तर नाही. पोस्टमनची चौकशी केली, तो म्हणतो पत्रं पोचली. बरं.

दिशा रोज संध्याकाळी पोरांकडून लेझीमची पावलं करून घेते, आधी नुसती, मग बॉल घेऊन. स्वतः कडेला उभी राहून लेझीम वाजवते. ताल संथ असला की बॉल आपल्यापाशी राखायचा, एकमेकांना द्यायचा, घाई करायची नाही. ताल चढला की सगळ्यांनी पुढे सुटायचं. ओरडायला लागत नाही. कडेच्या रस्त्यावरून ट्रक जात असतात, तुमचा घसा त्यांच्याशी भांडूनच बसला ना? तिचा बसणार नाही.

दशरथराव आले होते बघायला. म्हणाले, "मुलांना मुलगी काय शिकवणार, आणि हे फुटबॉल आहे की गणपतीची मिरवणूक?" मी म्हटलं, "तुम्हाला दोन्हीतलं काय येतं?" त्यानंतर चहा न घेता गेले.

पण सगळं गोड आहे असं नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. विक्रोळीच्या एका शाळेशी सरावाचा सामना झाला आणि आपण चार गोल खाल्ले. वाट लागली नुसती. पोरं ताल ऐकू की बॉल बघू या गोंधळात एकमेकांना धडकली. आणि मला एक गोष्ट दिसली. चांगला पास झाला की पोरं अजून फाटकाकडे बघतात, तुमची खुर्ची असायची तिथे. तुम्ही कधी कोणाला शाबास म्हणाला नाहीत. खेळ मनासारखा झाला की डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचात, बस. टोपी काढली म्हणजे पोरांना बक्षीस मिळाल्यासारखं व्हायचं. आता खुर्ची रिकामी असते आणि पोरांना कळत नाही आपण चांगलं खेळलो की नाही.

सामन्यानंतर आकाश फुरंगटून बसला. दिशाला म्हणाला, "ताई, हे लेझीम बंद करा यार. आमच्या सरांनी सांगितलंय, लेझीमनेच गेल्या वेळी वाट लावली. सर असते ना तर हे झालंच नसतं."

मला वाटलं आता ती रडेल नाहीतर चिडेल. तिने बाटलीतलं पाणी संपवलं आणि म्हणाली, "मग सरांनाच विचारूया. नंबर आहे तुझ्याकडे?" आकाशने मुकाट्याने दिला. मी तिला म्हटलं, "फुकट जाईल बॅलन्स. ते फोन उचलत नाहीत." ती म्हणाली, "बघू ना मॅडम."

काय झालं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. उचलला नसणारच तुम्ही. पण दुसऱ्या दिवशी आकाश सगळ्यांच्या आधी येऊन पावलं करत होता. पोरांचं काही कळत नाही.

सुलक्षणा वाघमारे


३० ऑगस्ट २०२५

सर,

गणपतीची सुट्टी आहे, शाळेत मी आणि गंधाली दोघीच. म्हणून सविस्तर लिहिते.

आपण यंदाच्या स्पर्धेची पहिली फेरी जिंकलो. दुसरीही जिंकलो. घाटकोपरच्या ज्या शाळेने गेल्या वर्षी आपल्याला घरी पाठवलं होतं, तिच्याविरुद्ध तीन गोल केले. त्यांच्या डिफेन्सचा एक धिप्पाड मुलगा आकाशच्या अंगावर धावून आला, आकाश वाकला, वळला आणि तो मुलगा एकटाच चिखलात बसला. माझ्या शेजारी त्यांचे सर उभे होते. म्हणाले, "हे कुठे शिकवलंत हो?" मी म्हटलं, "आमच्याकडे मिरवणुकीत शिकवतात." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना माझ्या डब्यातली करंजी दिली.

आता जरा लाज वाटेल असं. वनमालाताईंच्या घरी गणपतीला गेले होते. ताट पुढे ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "शिवदास काय म्हणतो?" सर, मी देवासमोर बसून थाप मारली. म्हटलं, पत्र आलंय त्यांचं, विचार करून कळवतो म्हणालेत. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी हातातला मोदक परत ताटात ठेवला. म्हणाल्या, "शिवदास आणि विचार करून? तो आधी बोलतो, मग महिनाभर विचार करतो." एवढं बोलून वर तूप वाढलं.

आणि इथे दशरथराव थांबायला तयार नाहीत. काल त्यांची माणसं येऊन टेप लावून मैदान मोजून गेली. गोलपोस्टच्या मागे चुन्याच्या रेघा मारल्या आहेत, गाड्यांसाठी. दिशाने बघितल्या. पायाने पुसल्या आणि सराव सुरू केला. मी मात्र ऑफिसात येऊन दार लावून बसले. भीती वाटते सर. हे मैदान गेलं तर ही पोरं कुठे खेळणार? कन्नमवार नगरपासून इकडे डंपिंग ग्राउंडपर्यंत एक मोकळी जागा सांगा जिथे बॉल मारला तर कोणाची काच फुटत नाही. सिद्धेशची आई मला म्हणाली, "बाई, तो संध्याकाळी मैदानावर असतो म्हणून मी कामावर निवांत असते." अशा किती आया आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून सरळ लिहिते. माझ्यावरचा राग माझ्यापाशी ठेवा, त्या मुलीवर काढू नका. तुम्हाला अजून राग असेल तर दिवाळीनंतर येऊन समोरासमोर भांडा. खरं सांगायचं तर स्टाफरूममध्ये आता भांडायला कोणी उरलं नाही. मी काही म्हटलं की सगळे हो मॅडम म्हणतात, आणि मला दिवसभर चुकल्यासारखं होतं. तुमच्याशी भांडून मी जे निर्णय घेतले ते सगळे बरे निघाले. तुमची आठवण येते. हे वाक्य खोडणार होते, राहू दे.

एक शब्द लिहा. हो.

सुलक्षणा


१९ सप्टेंबर २०२५

सर,

घाईत आहे. उपांत्य सामना जिंकलो. एकास शून्य, तेही पेनल्टी न लागता. सिद्धेशने गोल मारला आणि धावत येऊन माझ्या पाया पडला, गुडघ्याएवढ्या चिखलासकट. साडी गेली. जाऊ दे.

अंतिम सामना मुलुंडच्या एका मोठ्या शाळेशी आहे. पावसाने बाकीच्या मैदानांची तळी झाली आहेत, म्हणून आयोजकांनी आपलं मैदान मागितलं. आपलं मैदान उंचावर आहे, पाणी धरत नाही. ज्या मैदानावर दशरथराव गाड्या लावायला निघाले होते तिथे उपनगरातला अंतिम सामना होणार.

सत्तावीस तारखेला, शनिवारी, दुपारी चार वाजता. मी तुम्हाला बोलावत नाही. फक्त कळवते आहे.

होकार अजून आलेला नाही. दसरा दोन तारखेला आहे.

सुलक्षणा


२९ सप्टेंबर २०२५

शिवदास सर,

परवा जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. तरी मी सगळं लिहिणार आहे, कारण फाटकाबाहेरच्या पिंपळाखालून अर्धंच दिसतं.

वनमालाताई खुर्ची टाकून पहिल्या ओळीत बसल्या होत्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दशरथराव. मागे सगळी शाळा, पोरांच्या आया, भाऊ, आणि गणवेश न घातलेले आपले किती जुने विद्यार्थी. मुलुंडचा संघ आला तेव्हा माझं अवसान गेलं. एकेक मुलगा दिशापेक्षा हातभर उंच. पंधरा मिनिटांत त्यांनी गोल मारला. दशरथरावांनी हळहळ व्यक्त केली, पण ती जरा लवकरच व्यक्त केली.

दिशा कडेला उभी राहून संथ ताल वाजवत होती. पोरं बॉल राखत होती, एकमेकांना देत होती. मुलुंडची पोरं त्या आवाजाने वैतागली. हाफ टाइमला त्यांच्या सरांनी रेफरीकडे तक्रार केली आणि रेफरीने दिशाला सांगितलं की मैदानाच्या कडेला वाद्य चालणार नाही. तिने वाद घातला नाही. लेझीम पिशवीत ठेवली आणि पिशवी आणून माझ्या मांडीवर दिली. म्हणाली, "मॅडम, पोरांना ताल लागतो. मी ओरडून काही होणार नाही, एवढ्या गोंगाटात."

"वाद्य नको म्हणाले ना?" मी म्हटलं. "हात तर आपलेच आहेत."

मी उभी राहिले आणि टाळी धरली. साठीच्या जवळची मुख्याध्यापिका, एकटीच टाळ्या वाजवत उभी. दशरथराव म्हणाले, "मॅडम, बसा, लोक बघताहेत." मग गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला लेझीम खेळलेली पोरं उभी राहिली, जी आता दहावीत आहेत. त्यांना ताल माहीत होता, मीच शिकवला होता. मग मागच्या आया, मग सगळी शाळा. माझ्या हातांकडे बघून संथ म्हणजे संथ. रेफरी दोनदा वळून बघून गेला, पण टाळ्या वाजवू नका असं कुठल्या नियमात असणार?

दिशा माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडे, डोळे मैदानावर. हात मागे घेतला आणि दोन बोटं उचलली. मी ताल चढवला. आकाश सुटला. पुढचं तुम्ही बघितलंत: दोन पावलं पुढे, एक मागे, वाकला, वळला, त्यांचा धिप्पाड कॅप्टन भलतीकडेच गेला आणि बरोबरीचा गोल झाला. कोणी नाचायला लागलं नाही, कारण टाळी थांबवायची नाही हे सगळ्यांना कळलं होतं. हात लाल झाले होते. वनमालाताई काठीने जमिनीवर ताल देत होत्या.

शेवटची दोन मिनिटं राहिली असतील. बॉल सिद्धेशकडे, समोर तिघे. आकाश त्याच्या उजवीकडून धावला आणि तिघांतले दोघे त्याच्या मागे गेले. सिद्धेशने बॉल दिलाच नाही. स्वतःच वाकून वळला आणि मारला. मला जाळी हललेली दिसली आणि मग काही दिसेना, डोळे भरून आले होते. दोन-एक. शिट्टी झाली तेव्हा शाळेचा जो आवाज झाला तो कांदिवलीपर्यंत गेला असेल, दिशाच्या आईला ऐकू आला असेल. पोरांनी माझ्या मांडीवरची पिशवी ओढून लेझीम काढली आणि दिशाला मध्ये घेऊन मैदानावर खेळायला लागली. ती अजूनही चुकतेच. कोणाला पर्वा नव्हती.

तेवढ्यात वनमालाताईंनी चष्मा पुसला, फाटकाकडे बघितलं आणि विचारलं, "तो कोण गं पिंपळाखाली? टोपी काढून उभा आहे तो?"

मी बघितलं. टोपी काखेत होती. काखेत टोपी धरून टाळ्या वाजवणं सोपं नाही, पण तुम्ही वाजवत होता, आणि तालात वाजवत होता, सर.

"शिवदास सर आहेत, ताई."

"टोपी काढली ना त्याने?"

"काढली."

"मग पेन दे."

नेमणुकीचा कागद जुलैपासून माझ्या पर्समध्येच होता. ठेवायला टेबल नव्हतं. ताई म्हणाल्या, "दशरथ, जरा वाक रे," आणि दशरथरावांच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. दशरथरावांना सरळ होता येईना, कारण ताई सावकाश सही करतात, पूर्ण नाव लिहितात. मैदान राहिलं, सर. दिशा चिंदरकर, मुख्य प्रशिक्षक. शाळेच्या फळ्यावर आज सकाळी मी स्वतः खडूने लिहिलं.

सही झाल्याबरोबर मी फाटकाकडे धावले. तुम्ही नव्हता. परत आले ती रागातच, आणि दिशाला म्हटलं, "बघ, एवढ्या लांब आले आणि भेटले नाहीत."

ती म्हणाली, "मॅडम, त्यांना गाडी पकडायची होती. नवरात्राचं गुरवाकडे काहीतरी आहे म्हणे."

"तुला कसं माहीत?"

मग सगळं बाहेर आलं. आकाशने नंबर दिला त्या दिवसापासून तुम्ही दर रविवारी तिचा फोन घेत होता. माझा एकही नाही, तिचा दर रविवारी, आणि वर तासभर. तिचं आजोळ तुमच्या शेजारच्या गावातलं निघालं, म्हणून मालवणीत. कॉर्नर कसा घ्यायचा, सिद्धेशला डावा पाय कसा वापरायला लावायचा, सगळं. आकाशला लेझीम सोडू नको असं फोनवर दम देऊन सांगणारेही तुम्हीच. आणि मी इथे देवासमोर थापा मारत होते.

मी विचारलं, "लेझीमबद्दल काय म्हणाले?" ती सांगेना. मी मुख्याध्यापिकेचा आवाज काढला, तेव्हा सांगितलं. तुमचेच शब्द लिहिते, म्हणजे नाकारता येणार नाहीत.

"खरा सांगू, बाये? त्या लेझमीच्या आठवड्यात पोरांचे पाय जितके हलके होते तितके माझ्या हाताखाली कधी झाले नाय. पेनल्टी चुकली ती चुकली. पण ह्या त्या बाईंका सांगू नको हां."

सर, सांगितलं तिने. मी तिला चहा पाजला आणि पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग गंधालीला बोलावून तिच्यासमोर म्हणायला लावलं. आज स्टाफरूममध्ये मी स्वतः म्हणून दाखवलं, मालवणीत, आणि सगळे हो मॅडम म्हणाले.

तेव्हा आता असं करा. दिशाला गोलकीपरसाठी माणूस हवा आहे आणि तिच्या मते तो माणूस तुम्ही आहात. दिवाळीनंतर शाळा सुरू होते. खुर्ची फाटकापाशी तिथेच ठेवली आहे. तुमची शिट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पण दिशाकडे तिची स्वतःची आहे, तेव्हा त्यासाठी कोणी अडलेलं नाही. आलात तर लेझीम तुमच्यासमोर होईल, नाही आलात तर तुमच्यामागे होईल.

सुखरूप पोचल्याचं तुम्ही दिशाला कळवलंत ते कळलं. मलाही कळवा. पत्र नको, त्याला फार दिवस लागतात. फोन करा. मी पहिल्याच रिंगला उचलीन.

तुमची घाटावरची,
सुलक्षणा